सर्व्हरवरून सॉफ्टवेअर मुळापासून काढताना: आधी यादी, मग पॅकेज, सगळ्यात शेवटी डेटा

‘रिमूव्ह’ची आज्ञा दिली, टर्मिनलवर एकही एरर आली नाही, म्हणजे सॉफ्टवेअर गेलं असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात गेलेला असतो फक्त प्रोग्राम. कॉन्फिग (सेटिंगच्या फाइली) जागेवर असते, डेटाबेस जागेवर असतो, सर्व्हिसचा युझर तसाच असतो, फायरवॉलमधलं पोर्ट उघडंच असतं. चार महिन्यांनी तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला जावं, तर ते जुन्या कॉन्फिगवर उठतं किंवा उठतच नाही. मग वैतागून ‘आरएम -आरएफ’ (न विचारता फोल्डर पुसणारी आज्ञा) चालवलं जातं, आणि त्यात कधी कधी नको ते जातं.

यातल्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात. पॅकेज जागेवर आहे तोवर कोणती फाइल कोणाची हे सिस्टिमला ठाऊक असतं. पॅकेज गेलं की ही नोंदही जाते आणि आपण अंदाजाने फोल्डर चाचपत बसतो.

खालच्या पायऱ्या डेबियन आणि उबंटू धरून लिहिल्या आहेत. रेड हॅट घराण्यात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणाला मुख्यतः मायएसक्यूएल घेतलं आहे, कारण डेटा असलेल्या सॉफ्टवेअरमध्येच खरी गोची होते. आज्ञा आणि पाथ इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टर्मिनलवर ते नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायचे. रूटचे अधिकार गृहीत धरले आहेत.

## १. नक्की काय काढायचंय ते ठरवा

हे तीन वेगळे निर्णय आहेत: प्रोग्राम काढायचा का, कॉन्फिग काढायची का, डेटा काढायचा का. सर्व्हिस दुसऱ्या सर्व्हरवर हलवत असाल तर इथला प्रोग्राम जाईल, पण डेटा काही दिवस ठेवावा लागेल. बिघडलेली कॉन्फिग कोरी करून पुन्हा टाकायची असेल तर कॉन्फिग पूर्ण जायला हवी आणि डेटाला हात लागता कामा नये. ‘सगळंच काढू, मग बघू’ हे सगळ्यात महाग पडणारं उत्तर आहे.

यानंतर सॉफ्टवेअर आलं कुठून ते शोधा. ‘डीपीकेजी -एस’ (एस कॅपिटल) पुढे बायनरीचा (प्रोग्रामच्या चालणाऱ्या फाइलीचा) पूर्ण पाथ दिला की ती कोणत्या पॅकेजची आहे ते कळतं. रेड हॅटवर हेच काम ‘आरपीएम -क्यूएफ’ करतं. नव्या सिस्टिमवर /बिन हा /यूएसआर/बिनचाच सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) असतो, त्यामुळे एका पाथने उत्तर आलं नाही तर दुसऱ्याने विचारून बघा. दोन्हीकडे काहीच सापडलं नाही तर ते सॉफ्टवेअर सोर्समधून बांधलेलं, स्नॅपमधून आलेलं किंवा कंटेनरमध्ये चालणारं असू शकतं. त्यांची रीत पायरी ९ मध्ये आहे.

## २. कोण वापरतंय ते बघा

‘एसएस -टीएनपी’ चालवलं की त्या क्षणी जोडलेली टीसीपी कनेक्शन दिसतात. मायएसक्यूएल असेल तर ३३०६ पोर्ट, पोस्टग्रेस असेल तर ५४३२. इथे एक जण हमखास सुटतो: त्याच मशीनवरचं ॲप्लिकेशन पुष्कळदा टीसीपीवरून येतच नाही, ते युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांना आपसात बोलायला असलेल्या फाइलीतून) बोलतं आणि या यादीत दिसत नाही. त्यासाठी ‘एसएस -एक्सपी’ चालवून सॉकेटचं नाव शोधा. मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ने दोन्ही प्रकार एकत्र दिसतात.

हे चित्र एका क्षणाचं असतं. रात्रीचा बॅकअप किंवा महिनाअखेरचा रिपोर्ट दुपारी दोन वाजता दिसणार नाही. म्हणून थेट काढू नका, बॅकअप आणि यादी झाल्यावर आधी सर्व्हिस बंद करून ठेवा (पायरी ५) आणि निदान आठवडाभर वाट बघा. महिन्यातून एकदा धावणारं काम असण्याची शक्यता असेल तर पूर्ण महिना थांबा. बंद केलेली सर्व्हिस एका आज्ञेत परत उठते, काढलेली उठत नाही.

पॅकेजच्या बाजूनेही बघा. ‘एप्ट रिडिपेंड्स --इन्स्टॉल्ड’ पुढे पॅकेजचं नाव दिलं की बसवलेल्यांपैकी कोण त्यावर अवलंबून आहे ते कळतं.

सावधान: सर्व्हर ॲन्सिबल किंवा तशाच एखाद्या साधनाने चालवत असाल तर आधी तिथल्या प्लेबुकमधून (सर्व्हरवर काय असावं ते लिहिलेल्या फाइलीतून) हे सॉफ्टवेअर काढा. नाहीतर तुम्ही हाताने काढाल आणि पुढच्या फेरीत ते निमूट परत येईल, तेही कोऱ्या कॉन्फिगसह. मॉनिटरिंगमधली तपासणीही याच वेळी काढा.

## ३. बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा

चालू डेटाबेसचा फोल्डर ‘सीपी’ने कॉपी केला तर तो बॅकअप होत नाही. कॉपी होत असतानाच फाइली बदलत असतात आणि हाती अर्धं जुनं, अर्धं नवं असं काहीतरी येतं. मायएसक्यूएलसाठी ‘मायएसक्यूएलडंप’ हे पर्याय देऊन चालवा: --ऑल-डेटाबेसेस, --सिंगल-ट्रान्झॅक्शन, --रुटीन्स, --इव्हेंट्स. ट्रिगर आपोआप येतात, पण स्टोअर्ड प्रोसीजर आणि इव्हेंट मागितल्याशिवाय येत नाहीत. डंप घेतला आणि प्रोसीजर गायब, ही तक्रार इथूनच येते. पोस्टग्रेसला ‘पीजी_डंपऑल’ वापरा. एकट्या ‘पीजी_डंप’मध्ये एकच डेटाबेस येतो, रोल येत नाहीत.

कॉन्फिगसाठी /एटसी खालचा संबंधित फोल्डर ‘टार’ने बांधून ठेवा. मालकांचे आकडे जपायला --न्यूमेरिक-ओनर द्या. दुसऱ्या मशीनवर ‘मायएसक्यूएल’ या युझरचा क्रमांक वेगळा असू शकतो.

तपासणी: मायएसक्यूएलचा डंप पूर्ण झाला असेल तर शेवटच्या ओळीत ‘डंप कम्प्लीटेड’ आणि वेळ असते. ‘टेल’ने बघा. ही ओळ नसेल तर डिस्क भरल्याने किंवा कनेक्शन तुटल्याने डंप मध्येच थांबलेला आहे. मग तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा आणि दोन-चार मोठ्या टेबलांतल्या ओळी मोजा. रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपच्या भरवशावर पुढे जाऊ नका. आणि बॅकअप याच सर्व्हरवर ठेवू नका.

## ४. पॅकेज जागेवर असतानाच यादी काढा

हीच पायरी सगळे टाळतात. एक मजकूर फाइल उघडा आणि तिच्यात क्रमाने पुढच्या गोष्टी साठवा.

पहिलं, पॅकेजांची नावं. ‘डीपीकेजी -एल’ चालवून ‘ग्रेप’ने गाळा. इथेच कळेल की ‘मायएसक्यूएल-सर्व्हर’ हे नुसतं नावाचं पॅकेज आहे. खरा सर्व्हर ‘मायएसक्यूएल-सर्व्हर-८.०’सारख्या आवृत्तीच्या नावात असतो, बायनरी ‘कोअर’ नावाच्या पॅकेजात आणि सामाईक कॉन्फिग ‘मायएसक्यूएल-कॉमन’मध्ये. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचंही तसंच: कॉन्फिगचा मालक ‘एनजिनएक्स-कॉमन’ आहे. नुसतं ‘एनजिनएक्स’ पर्ज करून (म्हणजे कॉन्फिगसकट काढून, पायरी ६) कॉन्फिग गेली नाही याचं कारण हेच.

दुसरं, पॅकेजने आणलेल्या फाइली. ‘डीपीकेजी -एल’ (इथे एल कॅपिटल), रेड हॅटवर ‘आरपीएम -क्यूएल’. कॉन्फिगची वेगळी यादी हवी असेल तर /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये पॅकेजच्या नावाची ‘कॉन्फफाइल्स’ फाइल असते. रेड हॅटवर ‘आरपीएम -क्यूसी’.

तिसरं, आणि खरं महत्त्वाचं: जे पॅकेजने आणलेलं नाही, पण प्रोग्रामने चालताना तयार केलं. डेटा, लॉग, सॉकेट, कॅश हे वरच्या यादीत कधीच येत नाही. ते सर्व्हिसच्या युझरच्या नावावर शोधा: ‘फाइंड / -एक्सडेव -युझर मायएसक्यूएल’. -एक्सडेवमुळे शोध एकाच फाइलसिस्टिममध्ये राहतो. डेटा वेगळ्या डिस्कवर माउंट केलेला असेल तर त्या माउंटवर हीच आज्ञा पुन्हा चालवा.

चौथं, डेटाचा खरा पत्ता. /व्हार/लिब/मायएसक्यूएल असेलच असं धरू नका. चालू सर्व्हरलाच ‘शो व्हेरिएबल्स लाइक डेटाडिर’ असं विचारा. बायनरी लॉग आणि इनोडीबीचे (मायएसक्यूएलच्या डेटा साठवणाऱ्या इंजिनाचे) रेडो लॉग वेगळ्या जागी ठेवलेले असू शकतात, त्यांचेही पत्ते विचारून घ्या. मग ‘एलएस -एलडी’ने तो पाथ फोल्डर आहे की सिमलिंक, आणि ‘फाइंडएमएनटी -टी’ (टी कॅपिटल) ने तो कोणत्या माउंटवर आहे ते बघा.

पाचवं, ‘सिस्टिमसीटीएल कॅट’ पुढे सर्व्हिसचं नाव. मूळ युनिट (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) आणि तुम्ही कधीतरी घातलेले ओव्हरराइड (त्यातले बदल) असं दोन्ही त्यांच्या पाथसकट छापून येतं.

## ५. सर्व्हिस थांबवा, आणि खरंच थांबली का ते बघा

‘सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ’ने सर्व्हिस बंदही होते आणि पुढच्या बूटला उठतही नाही. मायएसक्यूएलचा डेटा फोल्डर पुढे नव्या आवृत्तीने उघडायची शक्यता असेल तर बंद करण्यापूर्वी ‘इनोडीबी_फास्ट_शटडाउन’ची किंमत ० करा. बंद व्हायला वेळ लागेल, पण सगळी अर्धवट कामं उरकून फाइली स्वच्छ अवस्थेत बंद होतील.

काही सर्व्हिसेस मागच्या दाराने परत येतात. डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) थांबवलं की सिस्टिमडी (सर्व्हिसेस चालू-बंद करणारी व्यवस्था) स्वतःच इशारा देतं की ‘डॉकर.सॉकेट’मुळे ती पुन्हा चालू होऊ शकते. आपण तो वाचत नाही. सॉकेट युनिटही बंद करावं लागतं. ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स --ऑल’ बघून टायमरही थांबवा.

वाट बघण्याच्या काळात कोणी चुकून सर्व्हिस चालू करू नये म्हणून ‘मास्क’ करता येतं. मात्र मास्क म्हणजे /एटसी/सिस्टिमडी/सिस्टिम मध्ये /डेव्ह/नल कडे जाणारा सिमलिंक. पॅकेज काढण्याआधी ‘अनमास्क’ केलं नाही तर तो लिंक मागे राहू शकतो, आणि वर्षभराने सॉफ्टवेअर पुन्हा टाकल्यावर ‘युनिट इज मास्क्ड’ एवढंच उत्तर मिळतं.

तपासणी: ‘एसएस -टीएलएनपी’मध्ये ते पोर्ट दिसता कामा नये, आणि ‘पीएस’च्या यादीत त्या युझरची एकही प्रोसेस नको. पोर्ट अजून दिसत असेल तर शेजारी प्रोसेसचं नाव असतं, ते वाचा. बऱ्याचदा तो कंटेनरमधला दुसराच डेटाबेस निघतो.

## ६. पॅकेज काढा: आधी कोरडी फेरी, मग खरी

आधी ‘एप्ट-गेट -एस पर्ज’. -एसमुळे काही काढलं जात नाही, काय जाणार ते फक्त छापलं जातं. यादी शेवटपर्यंत वाचा. तुम्ही न मागितलेलं नाव दिसलं तर थांबा.

मग खरी आज्ञा देताना पायरी ४ मधली नावं एकेक लिहून द्या. इंटरनेटवर जागोजागी ‘मायएसक्यूएल’पुढे तारा लावून पर्ज करायचा सल्ला दिसतो. तो टाळा. त्यात ‘मायएसक्यूएल-कॉमन’ही येतं. त्यावर क्लायंट लायब्ररी अवलंबून असते, आणि लायब्ररीवर पर्ल व पायथनचे डेटाबेस ड्रायव्हर. सर्व्हर काढायला जाता आणि दुसऱ्या मशीनवरच्या डेटाबेसशी बोलणारं ॲप्लिकेशन बंद पडतं.

‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ यांतला फरक पक्का लक्षात ठेवा. रिमूव्हने प्रोग्राम जातो आणि कॉन्फिग राहते. पर्जने पॅकेजच्या नोंदीतल्या कॉन्फिग फाइलीही जातात. आधीच रिमूव्ह केलं असेल तर बिघडलं नाही, नंतर पर्ज चालतं. ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत ओळीच्या सुरुवातीला ‘आयआय’ऐवजी ‘आरसी’ दिसलं तर पॅकेज गेलेलं आहे, कॉन्फिग उरलेली आहे.

सावधान: डेटाबेसचं पॅकेज पर्ज करताना पडद्यावर निळा चौकोन येतो आणि डेटाही उडवायचा का असं विचारतो. इथे ‘नाही’ म्हणा. डेटा आपण पायरी ७ मध्ये शांतपणे हाताळणार आहोत. एंटर दाबत सुटू नका, कारण आधीच निवडलेलं उत्तर प्रत्येक पॅकेजात सारखं नसतं. पोस्टग्रेसमध्ये ते ‘हो’ असतं. याच कारणाने डेटाबेस पर्ज करताना ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ मोड लावू नका. प्रश्न दिसणार नाही, उत्तर मात्र दिलं जाईल.

अवलंबून पॅकेजांसाठी ‘एप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’. --पर्ज विसरलात तर त्यांच्या ‘आरसी’ नोंदी साचतात. हीसुद्धा आधी -एस लावून बघा. एखादं पॅकेज ठेवायचंच असेल तर ‘एप्ट-मार्क मॅन्युअल’ने त्याच्यावर तशी खूण करा.

रेड हॅटवर ‘डीएनएफ रिमूव्ह’ला पर्ज नावाचा भाऊ नाही. तिथे न बदललेली कॉन्फिग पुसली जाते आणि तुम्ही बदललेली ‘.आरपीएमसेव्ह’ शेपूट लावून मागे ठेवली जाते. या फाइली नंतर ‘फाइंड’ने शोधून काढाव्या लागतात. शिवाय तिथे नको झालेली अवलंबून पॅकेजं मूळ आज्ञेबरोबरच जातात, तेव्हा ‘वाय’ दाबण्याआधीची यादी वाचणं तिथे जास्तच गरजेचं.

### आधीच फोल्डर उडवला असेल तर

ही चूक इतकी नेहमीची आहे की तिला वेगळी जागा द्यायला हवी. एनजिनएक्स रिमूव्ह केलं, /एटसी/एनजिनएक्स हाताने पुसलं आणि पुन्हा इन्स्टॉल केलं. इन्स्टॉल झालं, पण सर्व्हिस उठेना. लॉगमध्ये ‘एनजिनएक्स.कॉन्फ’ सापडत नाही अशी ओळ. पुन्हा दहा वेळा इन्स्टॉल केलं तरी तीच.

हा बग नाही. कॉन्फिग फाइल तुम्ही पुसली म्हणजे ती तुम्हाला नको आहे असं डीपीकेजी मानतं आणि तुमच्या निर्णयाचा मान राखून ती परत ठेवत नाही. पर्ज झालेलं नसल्याने पॅकेज त्याच्या लेखी अजून अर्धं जिवंतच आहे. उपाय दोन. एक, ‘एनजिनएक्स-कॉमन’सकट पर्ज करा आणि मग इन्स्टॉल करा. पर्जने जुनी नोंद पुसली जाते आणि नव्या फाइली येतात. दोन, पर्ज करायचं नसेल तर ‘एप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ला डीपीकेजीचा ‘--फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय जोडा. हरवलेल्या तेवढ्याच फाइली परत येतील.

## ७. डेटा: पुसू नका, नाव बदला

पर्जच्या शेवटी ‘डिरेक्टरी नॉट एम्प्टी सो नॉट रिमूव्ह्ड’ अशी ओळ दिसते, ती याच फोल्डरबद्दल असते. तो ‘एमव्ही’ने त्याच डिस्कवर दुसऱ्या नावाने ठेवा, नावात तारीख घाला. एकाच फाइलसिस्टिममध्ये नाव बदलायला क्षणही लागत नाही, मग फोल्डर दोनशे जीबीचा का असेना. डेटा फोल्डर स्वतःच माउंट पॉइंट असेल तर नाव बदलता येत नाही. तिथे ‘अमाउंट’ करून डिस्क बाजूला ठेवा.

हे करण्याचं दुसरंही कारण आहे. मायएसक्यूएल ८.० च्या फोल्डरवर मारियाडीबी उठत नाही, आणि मायएसक्यूएलची जुनी आवृत्तीही नव्या आवृत्तीने हाताळलेला डेटा उघडत नाही. जुना फोल्डर जागेवर ठेवून नवं काही टाकलं की पहिल्याच स्टार्टला अडचण.

पंधरा दिवस किंवा महिना, जी मुदत ठरवाल ती कॅलेंडरमध्ये लिहा. मुदत झाल्यावर पुसताना पाथ पूर्ण लिहा, व्हेरिएबल वापरू नका. स्क्रिप्टमधलं व्हेरिएबल रिकामं निघालं की ‘आरएम -आरएफ’ भलत्याच फोल्डरवर चालतं. सिमलिंक असेल तर लिंक आणि तो जिथे जातो ती जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आरएम’ नुसता लिंक काढेल आणि डेटा पलीकडे तसाच राहील.

सावधान: वेगळी डिस्क काढून टाकत असाल तर /एटसी/एफस्टॅब मधली ओळही काढा. ओळ राहिली आणि तिच्यात ‘नोफेल’ नसेल तर पुढच्या बूटला सर्व्हर डिस्कची वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो, आणि तिथे एसएसएचने जाता येत नाही.

फाइली पुसल्या, ‘डीयू’ म्हणतं जागा मोकळी झाली, ‘डीएफ’ म्हणतं नाही झाली? कोणीतरी पुसलेली फाइल अजून उघडून बसलं आहे. ‘एलएसओएफ +एल१’ (एल कॅपिटल) अशा फाइली आणि त्यांच्या प्रोसेस दाखवतं. ती प्रोसेस बंद केली की जागा सुटते. सहसा लॉग वाचणारा एखादा एजंट निघतो.

डेटा गोपनीय असेल तर ‘श्रेड’वर विसंबू नका. एसएसडीवर आणि कॉपी-ऑन-राइट (बदल नव्या जागी लिहिणाऱ्या) फाइलसिस्टिमवर जुन्याच जागेवर लिहिलं जाईल याची खात्री नसते. तिथे मुळातच डिस्क एन्क्रिप्ट केलेली असणं आणि शेवटी तिची किल्ली नष्ट करणं हा खरा उपाय.

## ८. बाकीचा पसारा

आता पायरी ४ ची फाइल समोर ठेवा आणि उरलेलं एकेक बघत जा.

सिस्टिमडी. /एटसी/सिस्टिमडी/सिस्टिम मध्ये सर्व्हिसच्या नावाचा ‘.डी’ फोल्डर असेल तर तो तुमचाच, पर्ज त्याला हात लावत नाही. तो काढा, मग ‘डेमन-रीलोड’ आणि ‘रीसेट-फेल्ड’.

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप धावणारी कामं. /एटसी/क्रॉन.डी, रूटचा क्रॉनटॅब आणि सर्व्हिसच्या युझरचा क्रॉनटॅब. तिसरा ‘क्रॉनटॅब -यू’ देऊन बघावा लागतो. युझर काढल्यावर तो बघता येत नाही, म्हणून आत्ताच.

सर्टिफिकेट. वेब सर्व्हर काढला आणि सर्टबॉट (सर्टिफिकेट मिळवून त्याचं नूतनीकरण करणारं साधन) राहिलं, तर नूतनीकरण दर वेळी फसत राहतं. ते सर्टिफिकेट आणखी कोणी, उदाहरणार्थ मेल सर्व्हर, वापरत असेल तर नूतनीकरणाची पद्धत बदला. कोणीच वापरत नसेल तर ‘सर्टबॉट डिलीट’ वापरा, /एटसी/लेट्सएन्क्रिप्ट मधल्या फाइली हाताने पुसू नका. तिथे सिमलिंकांचं जाळं असतं, अर्धं पुसलं की सर्टबॉट बाकीच्या डोमेनांवरही कुरकुरायला लागतं.

फायरवॉल. ‘यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड’. एक नियम काढला की खालच्यांचे क्रमांक वर सरकतात, त्यामुळे दोन नियम काढायचे तर मोठ्या क्रमांकाचा आधी. फायरवॉलडीमध्ये --पर्मनंट लावून काढा आणि रीलोड करा.

होम फोल्डर. याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ‘.माय.सीएनएफ’ आणि पोस्टग्रेसच्या ‘.पीजीपास’ फाइलीत पासवर्ड उघडे लिहिलेले असतात, आणि ‘.मायएसक्यूएल_हिस्टरी’मध्ये जुन्या आज्ञा. कोणताही पर्ज होम फोल्डरमध्ये शिरत नाही. रूटचा होम विसरू नका.

बाकी. /एटसी/लॉगरोटेट.डी, /एटसी/सिसीटीएल.डी, /एटसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी, /एटसी/ॲपआर्मर.डी/लोकल, आणि /व्हार/लॉग मधला जुना फोल्डर. एसईलिनक्स असेल तर ‘सिमॅनेज पोर्ट -एल -सी’ (सी कॅपिटल) तुम्ही हाताने घातलेलेच नियम दाखवतं.

युझर आणि ग्रुप. बरीच पॅकेजं पर्जनंतरही सिस्टिम युझर मागे ठेवतात, आणि त्याला कारण आहे. युझर काढला आणि त्याच्या फाइली राहिल्या तर त्या नुसत्या क्रमांकाच्या नावावर उरतात. उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने नवा युझर बनवला आणि त्याला तोच क्रमांक मिळाला, तर तुमचा जुना डेटाबेस वाचायचा हक्क त्याला आयता मिळतो. म्हणून पायरी ७ मध्ये बाजूला ठेवलेला फोल्डर आहे तोवर युझर काढू नका, किंवा त्या फोल्डरची मालकी रूटकडे देऊन वरची परवानगी ७०० करा. युझर काढल्यावर ‘फाइंड / -एक्सडेव -नोयुझर’ चालवून बेवारस फाइली उरल्या नाहीत ना ते बघा, आणि -नोग्रुपसाठी तीच फेरी पुन्हा.

रिपॉझिटरी. उत्पादकाची रिपॉझिटरी जोडली असेल तर /एटसी/एप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी मधली फाइल, तिची किल्ली आणि प्रेफरन्सेस.डी मधलं पिनिंग (कोणत्या रिपॉझिटरीला किंवा आवृत्तीला प्राधान्य द्यायचं ती नोंद) काढा, मग ‘एप्ट अपडेट’. रिपॉझिटरी राहिली तर पुढे डिस्ट्रिब्युशनचं पॅकेज हवं असताना त्यांचंच येतं. ‘एप्ट-मार्क शोहोल्ड’ही एकदा बघा.

## ९. पॅकेजमधून न आलेलं सॉफ्टवेअर

सोर्समधून बांधलेलं असेल आणि सोर्सचा फोल्डर शाबूत असेल तर आधी ‘मेक -एन अनइन्स्टॉल’ बघा. पुष्कळ मेकफाइलींत अनइन्स्टॉल नसतंच. अशा वेळी त्याच आवृत्तीच्या सोर्सवर, त्याच कॉन्फिगर पर्यायांनी, ‘मेक इन्स्टॉल’ला ‘डेस्टडिर’ म्हणून एखादा रिकामा तात्पुरता फोल्डर द्या. सगळं तिथे जाऊन पडेल आणि तिथलं झाड म्हणजेच /यूएसआर/लोकल मधून काय काढायचं त्याची नेमकी यादी. मेकफाइलने डेस्टडिर पाळलं नाही तर फाइली थेट खऱ्या जागी जातील, म्हणून आधी -एन लावून पाथ तपासा. एनजिनएक्सचे कॉन्फिगर पर्याय ‘एनजिनएक्स -व्ही’ (व्ही कॅपिटल) सांगतं, पण बायनरी जागेवर आहे तोवरच. लायब्ररी काढल्या असतील तर शेवटी ‘एलडीकॉन्फिग’.

स्नॅप काढताना डेटाचा स्नॅपशॉट आपोआप घेतला जातो आणि साधारणतः ३१ दिवस राहतो. ‘स्नॅप सेव्हड’मध्ये तो दिसतो, ‘स्नॅप फरगेट’ने जातो. स्नॅपशॉट नकोच असेल तर काढतानाच --पर्ज द्या.

डॉकर कंपोजमध्ये ‘डाउन’ने कंटेनर जातात, नाव दिलेले व्हॉल्यूम राहतात. ‘डाउन -व्ही’ने तेही जातात, विचारल्याशिवाय. डॉकरच्या आवृत्ती २३ पासून ‘व्हॉल्यूम प्रून’ फक्त निनावी व्हॉल्यूम काढतं, नावाचे काढायला --ऑल लागतं. डॉकरच काढत असाल तर पॅकेज पर्ज केल्यावरही /व्हार/लिब/डॉकर आणि /व्हार/लिब/कंटेनरडी जागेवरच राहतात.

## १०. शेवटची तपासणी

सर्व्हर एकदा रीबूट करा. चालू सिस्टिमवर सगळं ठीक दिसतं, अडचण बूटलाच उघडी पडते. रीबूटची वेळ कन्सोल हाताशी असेल अशी निवडा. एसएसएच गेलं तर दुसरा रस्ता हवा. उठल्यावर या क्रमाने बघा:

१. ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ रिकामं हवं.
२. ‘एसएस -टीएलएनपी’मध्ये जुनं पोर्ट नको.
३. ‘डीपीकेजी -एल’मध्ये ‘आरसी’ने सुरू होणारी त्या नावाची ओळ नको. ‘डीपीकेजी --ऑडिट’ काही छापत नसेल तर उत्तम.
४. ‘फाइंड / -एक्सडेव -आयनेम’ने नावाचा शोध. इथे जे सापडेल ते लगेच पुसू नका. आधी ‘डीपीकेजी -एस’ने (एस कॅपिटल) मालक विचारा. मायएसक्यूएल शोधताना पीएचपीचं मायएसक्यूएल एक्स्टेन्शन, एडिटरच्या सिंटॅक्स फाइली असं बरंच निरुपद्रवी सापडतं आणि त्यांचे मालक वेगळे असतात. मालक नसलेलं आणि पायरी ४ च्या यादीत असलेलं, तेवढंच तुमचं.
५. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या क्रॉनचे मेल आणि ‘जर्नलसीटीएल -पी एरर’ (टाइप करताना ई-आर-आर एवढंच) एकदा नजरेखालून घाला.

जर्नलमध्ये त्या सर्व्हिसच्या जुन्या ओळी दिसत राहतील. एका युनिटच्या तेवढ्या नोंदी जर्नलमधून वेगळ्या काढता येत नाहीत, त्या मुदतीप्रमाणे आपोआप मागे पडतात. पायरी ४ ची यादी मात्र, बाजूला ठेवलेला डेटा पुसण्याची तारीख येऊन जाईपर्यंत, बॅकअपशेजारी ठेवा.